पंचविशी-तिशीतली मैत्री टिकवता कशी? आणि नवीन मित्र आणता कुठून?

वाकडतिकडा
नमस्कार मंडळी. विषय जरा रडका वाटेल पण लिहितोच. मूळचा सांगोल्याचा, कॉलेज सोलापुरात, नोकरी हिंजवडीत आणि राहायला वाकड. फ्लॅटवर आम्ही तिघं आहोत पण तिघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे गाठभेट होते ती बेसिनपाशी, ती पण तोंडात ब्रश असताना. शाळेचा ग्रुप आहे, त्यात वाढदिवसाला केकचे इमोजी पडतात आणि निवडणुकीत भांडणं होतात, मधल्या काळात सामसूम. कॉलेजच्या ग्रुपचं नाव अजूनही 'टीई सबमिशन' (टीई म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) आहे यावरून ओळखा काय ते. कुणाला थेट फोन लावायची सोय राहिली नाही, आधी मेसेज टाकायचा 'फ्री आहेस का', तो म्हणणार 'रात्री करतो', रात्री तो करतो तेव्हा मी झोपलेला, मग सकाळी 'अरे सॉरी', 'अरे चालतंय', की झालं पुढच्या दोन महिन्यांचं.

भांडण कुणाशीच नाही हो. कुणी वाईट पण नाही. पण शुक्रवारी लॅपटॉप मिटला की सोमवारच्या स्टँडअप मीटिंगपर्यंत डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगण्यापलीकडे तोंड उघडत नाही अशी अवस्था आहे. घरी सांगितलं तर आईचा एकच उपाय, लग्न कर.

तर 'छंद जोपासा', 'स्वतःशी मैत्री करा' असले सल्ले कृपया नको. तुम्ही लोक प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

धोंडोपंत
आमच्या वेळी घरात फोन नव्हता तरी दहा मित्र न सांगता दारात हजर असायचे. तुमच्या हातात चोवीस तास फोन आणि तुम्ही एकटे! मोबाईल बाजूला ठेवा आणि माणसात जा, एवढं साधं आहे.

अर्धा कटिंग
काका, तुमच्या वेळी ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि मित्र गल्लीतच राहायचे. आता न सांगता कुणाच्या दारात जायचं म्हटलं तर आधी गेटवरचा सिक्युरिटी ॲपवर परवानगी मागतो, आणि समोरचा आतून विचारतो, काय रे, सगळं ठीक ना?

धोंडोपंत
हे मात्र खरं. परवा भाच्याकडे असाच गेलो तर त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

खिडकी सीट
मी बदलापूरची. ऑफिस सीएसएमटीला. आमचा लेडीज डब्यातला ग्रुप होता, 'होता' म्हणतेय कारण आता अर्धा उरलाय. नवीन नोकरी लागली तेव्हा मी तेवीसची, बाकीच्या कुणी तीस, कुणी पन्नाशीच्या, एक बँकेतल्या काकू होत्या त्या रिटायरमेंटला आलेल्या. कुणी कुणाला मैत्रीण व्हायचंय का असं विचारलं नव्हतं. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच जागा, बस. पण तिघींच्या बाकावरची चौथी सीट कुणी कुणाला कधी द्यायची याचा हिशोब पाठ, मटार सोलून व्हायचे, दसऱ्याला डबा सजवून पूजा, माझं केळवण ठाण्याच्या पुढे गाडीत झालं, आणि एकीचं डोहाळजेवण तर हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, सगळं सगळं, उभ्या असलेल्या अनोळखी बायकासुद्धा ओटी भरून गेल्या.

मग हायब्रिड आलं. कुणाला सोमवार-बुधवार-शुक्रवार, कुणाला मंगळवार-गुरुवार. कुणी सोडून गेलं नाही, ग्रुप व्हॉट्सअॅपवर आहे, पण गाडीत कधी दोघी तर कधी एकटीच. आणि गंमत बघा, प्रवासाचा त्रास वाचला म्हणून आम्हीच पेढे वाटले होते! व्हॉट्सअॅपवर काय बोलणार, 'आज कुणी आहे का ८:११ ला' एवढंच. वाकडतिकडा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे, पण मला एवढं कळलं की आम्ही एकमेकींना भेटायला कधीच जात नव्हतो. ऑफिसला जात होतो, भेट आपोआप पदरात पडायची.

निळी छत्री
खिडकी सीट, तुम्ही लिहिलंत त्यावर चक्क संशोधन आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास. नुसत्या ओळखीचा माणूस जरा मित्र वाटायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, नीट मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता शाळा-कॉलेजात हे तास फुकट मिळतात, हॉस्टेलवर तर एका सेमिस्टरमध्ये जिवलग तयार. नोकरीत आठवड्याला दोन तास भेटणारा माणूस म्हटला (आणि तो खूप झाला) तरी २०० तासांना जवळजवळ दोन वर्षं लागतात. तोवर एकजण बेंगळुरूला बदली घेऊन गेलेला असतो :)

आणि ही एकट्या वाकडची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा यावरचा अहवाल २०२५ च्या जूनमध्ये आला, त्यात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे असं म्हटलंय, आणि १३ ते २९ वयोगटात प्रमाण १७ ते २१ टक्के. म्हणजे म्हातारी माणसं एकटी आणि तरुण पोरं मजेत हा आपला समज काही खरा नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये यासाठी मंत्री नेमलेत.

अर्धा कटिंग
मंत्री नेमला म्हणजे संपलाच विषय. आता पालकमंत्री पण नेमा, जिल्हावार.

वाकडतिकडा
@निळी छत्री हे तासांचं गणित पटलं राव. पण माझ्यासारख्याने २०० तास आणायचे कुठून? मी ते अनोळखी लोकांना भेटण्याचे कार्यक्रम असतात ना बाणेर-कोरेगाव पार्कला, बोर्ड गेम, ब्रंच वगैरे, तिकडे जाऊन आलो. वाईट नव्हतं. पण पुढच्या वेळी गेलो तर चेहरे सगळे नवीन, परत 'हाय, मी अमुक, मी तमुक कंपनीत', परत शून्यापासून. आणि प्रत्येक वेळी पाचशे-सातशेला फोडणी.

अर्धा कटिंग
तिथे रिपीट गिऱ्हाईक मित्र झालं तर ते तिकीट कशाला काढेल, धंदा बसेल की त्यांचा. त्यापेक्षा ढोल पथकात जा. थट्टा नाही करत. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, पाऊस असो चिखल असो. पहिले काही दिवस तर ढोल हातात देतच नाहीत, दोरी ओढून पान ताणायला लावतात, बोटं सोलवटतात, मग कंबरेला ढोल बांधला की पहिल्या आठवड्यात मांड्या काळ्यानिळ्या. शेजारी कोण आहे, सीए आहे का डिलिव्हरी करतो हे महिनाभर माहितीच नसतं, कारण आवाजात बोलताच येत नाही. बोलणं होतं ते सराव संपल्यावर वडापावच्या गाडीवर. तुमचे ते २०० तास अनंत चतुर्दशीच्या आधी भरतात बघा.

निळी छत्री
आणि अनंत चतुर्दशीनंतर?

अर्धा कटिंग
नंतर पुढच्या जूनपर्यंत रील टॅग करतात एकमेकांना. पण चार जण उरतात. चार पुष्कळ झाले.

भाऊ गडहिंग्लज
उलटी बाजू सांगतो. मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावाकडं आलोय. समद्यांना वाटतं मजा हाय लेकाची, घरचं जेवण, भाडं न्हाई. पर इथं माझ्या वयाचं उरलंय कोण? आमच्या बॅचची पोरं पुण्यात न्हाईतर मुंबईत, एकदोन आखातात. संध्याकाळी कट्ट्यावर जावं तर सत्तरीतली मंडळी, त्यांचा विषय ऊसदर न्हाईतर गुडघे. आता मला पण दोन्ही विषय चांगले यायला लागलेत त्यो भाग येगळा.

आमच्याकडं फुटबॉलचं लई वेड, म्हाईत असंल. मी शाळेत बॅकला खेळायचो. परत मैदानावर जायला लागलो तवा पोरं धा-बारा वर्षांनी लहान, मला 'सर' म्हणायला लागली, जीव गेला माझा. पर रोज जातोय. एक दिस गेलो न्हाई तर संध्याकाळी दोन पोरं घरी हजर, "सर आज का न्हाई आला?" फोन न करता. धोंडोपंत काका म्हणत्यात तसंच. मला वाटतं इषय तोच हाय, आपण न्हाई गेलो तर कुणाचं तरी अडलं पायजे. गोलकीपर कमी पडला म्हणून का हुईना.

खिडकी सीट
"आपण न्हाई गेलो तर कुणाचं तरी अडलं पायजे" याला +१००.

अभ्यासिकेतला
आमच्यावर पण लिहा कुणीतरी. नवी पेठ. एमपीएससी. अभ्यासिकेत शंभर डोकी आहेत, सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर एक जण बसतो, त्याच्या खोकल्यावरून मला तो ओळखता येतो, नाव आत्ता गणपतीत कळलं. बोलायची बंदी आहे ना. बोलणं काय ते चहाला, तिथं पण करंट अफेअर्स. तास म्हणाल तर २०० काय २००० भरले असतील आमचे.

दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे ज्याचं होतं तो जातो. रूममेटचं पोस्टिंग निघालं, आनंदच झाला, गुलाल उधळला, पोरांनी खांद्यावर घेऊन नाचवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गादी गुंडाळलेली. त्याला फोन करावासा वाटतो पण तो 'तुझं कसं चाललंय' विचारणार आणि मी काय सांगणार, म्हणून करत नाही. गावाकडच्या मित्रांना पण करत नाही त्याच कारणाने, लग्नाला तर जातच नाही कुणाच्या. दुसरी म्हणजे बाजूचा पोरगा मित्र पण आणि कॉम्पिटिशन पण.

एकदाच खरं मोकळं वाटलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये परीक्षेची तारीख बदला म्हणून शास्त्री रोडवर आंदोलन झालं ना, तेव्हा रात्री रस्त्यावर बसलो होतो सगळे, पाऊस येत-जात होता, कोण कुठली पोरं कुठून बिस्किटं आणून वाटत होती, शेजारच्याशी पहाटेपर्यंत बोललो, अभ्यास सोडून सगळ्यावर. पंचवीस तारखेची पूर्व परीक्षा पुढे गेली आणि आम्ही परत आपापल्या खुर्चीत.

धोंडोपंत
अभ्यासिकेतला, बाळा, फोन कर त्या रूममेटला. त्याला पण नव्या गावात क्वार्टरवर एकट्याला करमत नसेल. माझी पहिली पोस्टिंग सिरोंच्याला होती, मला विचार. साहेब म्हणणारे ढीगभर, अरे म्हणणारा एक नाही.

अभ्यासिकेतला
काका हे डोक्यातच नव्हतं आलं. बघतो.

रविवार बंद
श्टुटगार्टहून. इथे रविवारी दुकानं बंद म्हणून हे नाव, आणि पहिल्या हिवाळ्यात माझा पण रविवार बंदच असायचा. साडेचारला अंधार. भारतात फोन करावा तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, माझं काम संपेपर्यंत तिकडे साडेदहा-अकरा, मैत्रिणी पोरं झोपवून स्वतः पेंगत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि फरक साडेतीन तासांवर येतो, तो एक तास आमच्या मैत्रीला केवढा जड आहे तुम्हाला नाही कळायचं.

आम्ही तिघी मैत्रिणी, एक नाशिक, एक फलटण, एक मी. व्हिडिओ कॉलची वेळ जमवायचं सोडून दिलं. आता व्हॉइस नोट. अट एकच, 'बाकी काय' म्हणायचं नाही आणि महत्त्वाचं काही असायलाच हवं असं नाही. मी ट्रामस्टॉपवरून घरी चालताना सात-आठ मिनिटं बोलते, भाजीत काय घातलं, बॉस काय म्हणाला, मागे ट्रामची घंटा वाजते ती त्यांना पाठ झालीये. फलटणवालीची नोट येते ती भांडी घासताना, नळाचा आवाज, मधेच "अगं थांब सासूबाई आल्या" आणि नोट तिथेच कट, पुढचा भाग दुसऱ्या दिवशी. घरातलं कुणी ऐकेल म्हणून तिला समोरासमोर फोनवर जे बोलता येत नाही ते ती दळण आणायला जाताना बोलून टाकते. ऐकायचं आपल्या सवडीने. मी दीडच्या स्पीडवर ऐकत नाही, ते मला अपमानास्पद वाटतं, उगाच.

इथल्या लोकांशी मैत्री हा वेगळा धागा होईल. जर्मन मैत्रिणीला भेटायचं तर तीन आठवडे आधी तारीख, पण ठरली की ठरली, 'बघू', 'जमवू' भानगड नाही. आणि इथे प्रत्येक गोष्टीचा क्लब असतो, नोंदणी केलेला, वर्गणीवाला. मी व्हॉलीबॉलच्या क्लबमध्ये नाव घातलं, मंगळवार म्हणजे मंगळवार. भाषा धड येत नव्हती पण 'माझा!' असं ओरडता आलं की खेळता येतं. आपल्या मंडळाच्या गणपतीला पण जाते, पण तिथे वर्षातून एकदा भेटून मोदक खाल्ले की पुढच्या वर्षी नाव आठवत नाही.

अर्धा कटिंग
सात-आठ मिनिटांची व्हॉइस नोट?? मला कुणी दोन मिनिटांची पाठवली तरी मी 'हो हो' असा रिप्लाय देऊन मोकळा होतो. पुरुषांना व्हॉइस नोट जमत नाही हेच खरं. आम्ही एकमेकांना फक्त रील पाठवतो. एका मित्राशी वर्षभर एक शब्द बोललो नसेन पण रोज तीन रील येतात, म्हणजे जिवंत आहे.

निळी छत्री
मस्करी बाजूला, रील पाठवणं हे सुद्धा 'तुझी आठवण आली'च असतं. पण त्याचे वडील आजारी आहेत हे त्या रीलमधून तुला कधी कळणार?

अर्धा कटिंग
...हे जरा लागलं. फोन करतो आज.

चिठ्ठी कुणाची
आमच्या भिशीबद्दल सांगते, नाव त्यावरूनच घेतलंय. आई-मावशीची भिशी बघून आम्ही नाकं मुरडायचो. मग नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की आमचा ग्रुप फुटला आणि आईचा पंचवीस वर्षं जसाच्या तसा. म्हणून आम्ही सुरू केली, दहा जण, मुलगे-मुली दोन्ही, निम्मे नाशिक, बाकी पुणे आणि ठाणे. महिन्याला दोन हजार प्रत्येकी, वीस हजार जमतात, चिठ्ठी उघडायची, ज्याची लागली त्याचे.

सगळी ग्यानबाची मेख एका नियमात आहे: पैसे हातात द्यायचे, यूपीआय नाही. पहिल्यांदा एकाने 'मी पाठवतो ना गुगल पेवर' म्हणून कलटी मारली, मग दुसऱ्याने, तिसऱ्या महिन्यात आम्ही फक्त तिघी समोरासमोर बसून मिसळ खात होतो आणि बाकीचे स्क्रीनशॉट पाठवत होते. त्या दिवशी ठरलं, रोख आणायची, स्वतः आणायची, आणि चिठ्ठी हजर माणसाचीच उघडणार. ठाण्याचा मुलगा पहाटेच्या गाडीने येतो आता. आणि ज्याची चिठ्ठी आधी लागली तो तर अडकलाच, पैसे घेऊन बसलाय म्हटल्यावर पुढचे सगळे महिने भरायला यावंच लागतं! 'भेटायला ये' म्हटलं की शंभर कारणं निघतात, 'हप्ता आण' म्हटलं की निमूट येतात. आलं की मग पाच-सहा तास कुणी हलत नाही. मागच्या महिन्यात एकीचा साखरपुडा मोडल्याचं तिथे कळलं, ग्रुपवर ती तीन आठवडे इमोजी टाकत होती.

धोंडोपंत
पैशाचा व्यवहार आला की मैत्री जाते असं आम्ही ऐकत आलो. आणि या भिशा बुडतात पण.

चिठ्ठी कुणाची
काका, बुडतात त्या मोठ्या रकमेच्या, व्याजाच्या, अनोळखी लोकांच्या. इथे दोन हजार आहेत आणि दहाही जणांच्या आया एकमेकींना ओळखतात, जातो कुठे. पण हो, ज्याला दोन हजार जड जातात त्याने पाचशेची करावी, रकमेला महत्त्व नाही, आणि कोण भरू शकत नाही यावरून कुणी बाहेर पडायला नको. आमच्यातल्या एकाची नोकरी गेली तेव्हा चार महिने त्याचा हप्ता आम्ही फिरवून भरला, पण यायचं मात्र त्याला चुकलं नाही.

अभ्यासिकेतला
आमची तर मेसची पण उधारी. पन्नासची भिशी चालेल का :)

चिठ्ठी कुणाची
पळेल! पन्नासात चहा-क्रीमरोल.

निळी छत्री
एक गंभीर गोष्ट मधेच सांगून ठेवते. मित्र नाहीत म्हणून कंटाळा येणं वेगळं आणि झोप उडणं, जेवण नकोसं होणं, सकाळी उठून करायचं काय असं रोज वाटणं वेगळं. तिथे भिशी-ढोल पुरत नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्यांत कुणी असेल तर संकोच करू नका.

वाकडतिकडा
सगळ्यांचं वाचतोय, ऑफिसात चोरून. @निळी छत्री माझं तसं काही नाही, नुसता कंटाळाच आहे, पण नंबर सेव्ह केलाय, फ्लॅटवरच्या एकाचं मला जरा वेगळं वाटतंय, त्याच्याशी आज बोलतो, बेसिनपाशी नाही, नीट.

बाकी ढोल पुढच्या वर्षी, माझा गुडघा बघून. भिशीची आयडिया उचलतोय. फ्लॅटवरचे तिघे, ऑफिसातले दोघे सोलापूरकर, आणि वर राहणारं एक नवरा-बायकोचं जोडपं आहे, लिफ्टमध्ये हसतात, त्यांना विचारून बघतो. हजार रुपये, महिन्याचा पहिला शनिवार, आमच्या गच्चीवर, रोख. इथल्या वाकड-हिंजवडी-रावेतच्या कुणाला यायचं असेल तर सांगा. जेवायला मी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणतो गावाकडून, त्याची हमी.

अर्धा कटिंग
मी रावेत. शनिवारी किती वाजता?

वाकडतिकडा
साडेसात?

अर्धा कटिंग
हिंजवडीतून साडेसातला माणूस सुटतो का कधी? शनिवारी पण भूमकर चौकात अर्धा तास धर. साडेआठ कर. आणि शेंगाची चटणी जरा जास्त आण.

भाऊ गडहिंग्लज
मला महिन्याला येणं जमायचं न्हाई, पर दिवाळीच्या आधी पुण्यात हाय आठवडाभर. पाव्हणा म्हणून चालंल का? हप्ता देतो, चिठ्ठीत नाव टाकू नका.

चिठ्ठी कुणाची
पाहुण्याकडून हप्ता घ्यायचा नाही, वाकडतिकडा, वाद होतात. त्याला काजू आणायला सांगा, आजऱ्याकडून.

संपादक
पत्ता आणि फोन नंबर धाग्यात टाकू नका, एकमेकांना व्यक्तिगत निरोप पाठवा. वर दोघांनी टाकले होते, काढले आहेत.